जी भिंत कुणी कधीच बांधणार नाही

(तरुण अभियंते आणि विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा माझा विषय आहे भिंत आणि छत. तेही अशा इमारतीचं, जी कुणी कधीच बांधणार नाही. ती फक्त कॉम्प्युटरमध्ये असते. तिच्यात कुणी राहत नाही, तिला रंग लागत नाही, तिच्या गच्चीवर पापड वाळत घातले जात नाहीत. पण शेजारी जी खरी इमारत उभी राहणार असते तिचा निकाल या खोट्या इमारतीवर लागतो. या खोट्या इमारतीला आमच्या कामात बेसलाइन म्हणतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इमारतींना वर्षभरात किती ऊर्जा लागेल याचा हिशोब करणारी सॉफ्टवेअर असतात, त्यांच्याभोवतीची साधनं मी लिहिते आणि इतरांनी बनवलेली मॉडेल तपासते. तुमच्यात कुणी सिव्हिलचं असेल, कुणी आर्किटेक्चरचं, कुणी मेकॅनिकलचं, आणि बरेचसे माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले असतील. या कामात या सगळ्यांना जागा आहे. म्हणून आज जरा खोलात जाऊन बोलते. आकडे येतील, पण अवघड एकही नाही. बेरीज आणि भागाकार, एवढंच गणित लागेल.

आधी हे सॉफ्टवेअर काय करतं ते सांगते. इमारतीचा आकार, भिंती, छत, खिडक्या, माणसं, दिवे, एसी, हे सगळं आपण त्याला सांगतो. सोबत त्या शहराच्या हवामानाची फाइल देतो. मग ते वर्षाचे ८,७६० तास एकेक करून चालवतं आणि कुठल्या तासाला किती उष्णता आत आली, ती बाहेर काढायला किती वीज लागली, ते सांगतं. यातलं मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं एक इंजिन म्हणजे एनर्जीप्लस. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ते बनवून घेतलं, २००१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणलं, आणि ते मोफत आहे. त्याच्यावर ओपनस्टुडिओ नावाचं दुसरं मोफत साधन बसवलेलं आहे, त्यामुळे काम सोपं होतं.

आता समजा, सॉफ्टवेअरने सांगितलं की तुमच्या इमारतीला वर्षाला अमुक इतके युनिट लागतील. हे चांगलं की वाईट? नुसत्या आकड्यावरून कळत नाही. तुलना कुणाशी करायची हे ठरल्याशिवाय तो आकडा मुका असतो. बाजारात गिऱ्हाईक माल बघण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघतं. बेसलाइन म्हणजे तो शून्य. आणि काट्याचा शून्य विकणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवायचा नसतो, ही गोष्ट आपल्या आजीलाही ठाऊक होती.

पट्टी कुणाची?

जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पट्टी अमेरिकेतली आहे. तिथे हीटिंग, रेफ्रिजरेशन आणि एअर-कंडिशनिंगच्या इंजिनिअरांची एक संस्था आहे, अॅश्रे. तिचं मानक ९०.१ प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या शेवटी परिशिष्ट जी आहे. बेसलाइन इमारत कशी उभी करायची ते या परिशिष्टात लिहिलेलं आहे. आपल्या मुंबई-पुण्यात, हैदराबाद-बंगळुरूत ज्या इमारतींनी लीड प्रमाणपत्र घेतलं, त्यांच्यापैकी अनेकांच्या ऊर्जेचा हिशोब याच परिशिष्टाने झालेला आहे. लीड २००९ ही आवृत्ती ९०.१ च्या २००७ च्या आवृत्तीवर उभी होती. म्हणजे अमेरिकेत लिहिलेला नियम आपल्या शहरातल्या काचेच्या इमारतींपर्यंत पोहोचलेला आहे.

हे परिशिष्ट सांगतं की बेसलाइन ही तुमच्या इमारतीची जुळी बहीण आहे. तितकंच क्षेत्रफळ, तितकेच मजले, तीच माणसं, तेच कामाचे तास, तेच हवामान. फरक फक्त ज्या गोष्टींचं श्रेय तुम्हाला हवं आहे त्यांच्यात. २००७ च्या आवृत्तीत बेसलाइनच्या खिडक्या तुमच्या इमारतीइतक्याच, पण भिंतीच्या ४० टक्क्यांहून जास्त नाहीत. खिडकीवर छज्जा नाही. आणि बेसलाइन एकदा चालवून भागत नाही. आहे त्या दिशेने एकदा, मग ९०, १८० आणि २७० अंश फिरवून, अशी चारदा चालवायची आणि सरासरी काढायची. का? तर तुम्ही इमारतीचं तोंड विचारपूर्वक ठेवलं असेल तर त्याचं श्रेय तुम्हाला मिळावं म्हणून.

आता भिंत. इथे पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण थबकतो. तुमच्या नव्या इमारतीची भिंत विटेची असो, काँक्रीटची असो, एएसी ब्लॉकची असो, बेसलाइनची बाहेरची भिंत मात्र नेहमी एकाच प्रकारची: पत्र्याच्या पातळ चॅनेलचा सांगाडा, त्यात इन्सुलेशन भरलेलं, दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड. छतही एकाच प्रकारचं: लोखंडी डेक आणि त्याच्यावर सलग इन्सुलेशन. दोन्ही हलकी. आपल्याकडे ऑफिसच्या आतल्या पार्टिशनला अशी भिंत दिसते, बाहेरची भिंत अशी सहसा कुणी बांधत नाही. मग हा हट्ट कशासाठी?

कारण उघड आहे. बेसलाइनची भिंत तुमच्या भिंतीवर अवलंबून ठेवली, तर प्रत्येक जण आपल्याला सोयीची तुलना शोधेल. सगळ्यांना एकच भिंत दिली की वाद मिटतो. आणि तुमची भिंत जड असल्याने दुपारची उष्णता उशिरा आत येत असेल, तर त्याचा फायदा तुमच्या खात्यात जमा होतो, कारण बेसलाइन हलकी आहे.

आणखी एक गोष्ट. दर तीन वर्षांनी मानक कडक होतं, म्हणून बेसलाइनही दर वेळी बदलत होती. एका वर्षीच्या इमारतीची तुलना दुसऱ्या वर्षीच्या इमारतीशी करणं अवघड झालं होतं. २०१६ च्या आवृत्तीपासून परिशिष्ट जी ची बेसलाइन ढोबळमानाने २००४ च्या पातळीवर स्थिर केली. नियम कडक झाला तर गाठायचं लक्ष्य पुढे सरकतं, पण पट्टीचा शून्य जागेवर राहतो.

१३ चे ६ कसे होतात?

आता प्रत्यक्ष मांडणी. भिंतीतून किती उष्णता जाते ते मोजायला यू-मूल्य वापरतात. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक अंश सेल्सिअस फरक असताना किती वॅट उष्णता जाते, तो आकडा म्हणजे यू. तो जितका कमी तितकी भिंत चांगली. त्याचा व्यस्त म्हणजे आर, म्हणजे विरोध. थरांचे आर एकमेकांत मिळवायचे आणि एकाला त्या बेरजेने भागायचं, की यू मिळतो. झालं गणित.

मुंबईसारख्या अति उष्ण हवामानासाठी २००७ च्या तक्त्यात कार्यालयाच्या बेसलाइन भिंतीचा यू आहे ०.७०५ आणि छताचा ०.३६. त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात इन्सुलेशनचा दर्जाही दिलेला असतो: भिंतीला आर-१३, छताला आर-१५. हे अमेरिकी एककातले आकडे आहेत. आपल्या एककात आर-१३ म्हणजे २.२९ आणि आर-१५ म्हणजे २.६४.

नवा माणूस इथेच घसरतो. तो तक्ता उघडतो, आर-१३ वाचतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये २.२९ विरोधाचा इन्सुलेशनचा थर टाकून मोकळा होतो. बाकीचे थर धरून बेरीज होते २.६५ आणि यू येतो ०.३८. हवा होता ०.७०५. म्हणजे बेसलाइनची भिंत जवळजवळ दुप्पट चांगली झाली.

असं का झालं? कारण सांगाडा लोखंडाचा आहे. इन्सुलेशनच्या मधून दर १६ इंचांवर लोखंडी चॅनेल आरपार गेलेलं असतं. लोखंड उष्णतेचा रस्ता आहे. तुम्ही घराला जाड पडदे लावले आणि दर दीड फुटावर एक फट ठेवली, तर पडद्याच्या जाडीला काय अर्थ? मानकाच्या परिशिष्ट ए मध्ये याचा हिशोब दिलेला आहे. साडेतीन इंचाच्या सांगाड्यात भरलेल्या आर-१३ इन्सुलेशनचा खरा उपयोग आर-६ इतकाच. पाकिटावर १३, भिंतीत ६. निम्म्याहून कमी.

एनर्जीप्लसला हे आपोआप कळत नाही. ते भिंतीकडे एकामागे एक ठेवलेल्या सलग थरांसारखं बघतं. मधलं चॅनेल त्याला दिसत नाही. म्हणून आपण त्याला इन्सुलेशनचा थर १३ चा नव्हे तर ६ चा द्यायचा, म्हणजे आपल्या एककात १.०६. आता बेरीज करून बघा. बाहेरच्या हवेचा पातळ थर ०.०३, बाहेरचा गिलावा ०.०१, जिप्सम बोर्ड ०.१०, इन्सुलेशन १.०६, आतला जिप्सम बोर्ड ०.१०, आतल्या हवेचा थर ०.१२. एकूण १.४२. एकाला १.४२ ने भागा. ०.७०. तक्त्यातला आकडा मिळाला.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा: बेसलाइन भिंत मांडताना यू गाठायचा, आर नाही. तक्त्यातला यू हा करार आहे. आर हे फक्त त्या कराराकडे नेणारं एक उदाहरण आहे.

हवा दोनदा मोजू नका

वरच्या बेरजेत दोन थर हवेचे होते. भिंतीच्या दोन्ही अंगांना हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो. त्यालाही विरोध असतो. तक्त्यातल्या यूमध्ये तो धरलेला आहे.

पण एनर्जीप्लस हा हवेचा परिणाम स्वतः मोजतं. वारा किती आहे, पृष्ठभाग किती तापलाय, हे बघून ते दर वेळी नवा आकडा काढतं. म्हणून आपण भिंतीचे थर मांडताना हवेचे थर टाकायचे नाहीत. टाकले तर ती हवा दोनदा मोजली जाते. मग आपल्या भिंतीचा यू ०.७० ऐवजी ०.६४ होतो. फरक लहान वाटतो, पण भिंत हजारो चौरस मीटरची असते. हवा वगळून आपल्या चार थरांची बेरीज १.२७ होते आणि त्यांचा यू ०.७९. सॉफ्टवेअरमध्ये हा ०.७९ दिसला की घाबरू नका, बरोबर आहे.

थरांचा क्रम बाहेरून आत. पहिला थर बाहेरचा, शेवटचा खोलीतला. इन्सुलेशनला वजन नगण्य असल्याने ते नुसत्या विरोधाच्या रूपात दिलं तरी चालतं. पण जिप्सम बोर्ड, गिलावा आणि काँक्रीट यांची जाडी, घनता आणि उष्णता धरून ठेवण्याची क्षमता द्यायलाच हवी. तुमच्या प्रत्यक्ष इमारतीचा नऊ इंची विटेचा थर नुसत्या विरोधाच्या रूपात टाकलात, तर विटेचा सगळ्यात मोठा गुण हिशोबातून गायब होतो. भर दुपारी तापलेली वीट ती उष्णता संध्याकाळी आत सोडते, हे आपण सगळ्यांनी हात लावून अनुभवलंय. सॉफ्टवेअरला हात नसतात, ते आपण सांगावं लागतं.

छत त्या मानाने सोपं. बाहेरची हवा ०.०३, सलग इन्सुलेशन २.६४, आतली हवा ०.११. एकूण २.७८, म्हणजे यू ०.३६. इन्सुलेशन सलग असल्याने मधून लोखंड जात नाही. इथे पाकिटावरचा आकडा आणि खरा आकडा एकच.

पण छताला आणखी एक गोष्ट लागते: रंग. बेसलाइन छत ऊन ३० टक्के परत पाठवतं आणि ७० टक्के पितं, असं मानायचं असतं. एनर्जीप्लसमध्ये हा ०.७० चा आकडा सगळ्यात बाहेरच्या थराच्या गुणधर्मात लिहायचा असतो. तो डेकच्या थरात लिहिला आणि इन्सुलेशन डेकच्या वर असलं, तर काहीच परिणाम होत नाही, कारण ऊन वरच्या थरावर पडतं. तुम्ही गच्चीवर पांढरा लेप दिला असेल तर तो तुमच्या प्रत्यक्ष इमारतीत दाखवा. मात्र नव्या लेपाचा चकचकीत आकडा जसाच्या तसा नाही. २००७ च्या मानकात ७० टक्क्यांहून जास्त ऊन परतवणाऱ्या छतालासुद्धा ०.४५ धरायला सांगितलंय, कारण दोन पावसाळे आणि धूळ यांच्यानंतर पांढरं पांढरं राहत नाही. मानक लिहिणाऱ्यांनी गच्चीवर चढून बघितलेलं आहे, एवढं यावरून कळतं.

मग हे सगळं इमारतीला लावायचं. ओपनस्टुडिओमध्ये भिंत, छत, जमीन यांचा एक संच करून तो पूर्ण इमारतीला देता येतो. पण एखाद्या भिंतीला आधी हाताने वेगळी रचना चिकटवलेली असेल, तर संच तिला लागू होत नाही. ती भिंत गुपचूप आपल्या जुन्या कपड्यात राहते. म्हणून शेवटी निकालाच्या अहवालात जाऊन बाह्य आवरणाचा गोषवारा उघडा. तिथे प्रत्येक भिंतीचा आणि छताचा यू, हवेसह आणि हवेशिवाय, लिहिलेला असतो. सगळ्या भिंतींसमोर ०.७० च्या आसपास आणि सगळ्या छतांसमोर ०.३६ च्या आसपास दिसलं की बेसलाइन जागेवर आहे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. मी मॉडेल तपासायला घेते तेव्हा पहिलं पान हेच उघडते.

आपलं लोखंड म्हणजे आरसीसी

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. आपल्याकडे काय?

आपल्याकडे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता केली, तिची २०१७ ची आवृत्ती आहे. घरांसाठी इको-निवास संहिता आहे, तिचा पहिला भाग २०१८ मध्ये आला. मुंबईच्या उष्ण-दमट हवेत मोठ्या कार्यालयी इमारतीला २०१७ ची संहिता भिंतीसाठी ०.४० आणि छतासाठी ०.३३ सांगते. घराच्या छताला इको-निवास संहिता जास्तीत जास्त १.२ पर्यंत मुभा देते. आता आपलं नेहमीचं बांधकाम बघा. नऊ इंची विटेची, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर केलेली भिंत: यू साधारण २. वर काहीच इन्सुलेशन नसलेला आरसीसी स्लॅब: ३ ते ४ च्या दरम्यान. म्हणजे घरांच्या संहितेतलं सगळ्यात ढिलं छतही आपल्या उघड्या स्लॅबच्या तीनपट चांगलं आहे. वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलेल्या कुणालाही हे आकड्याशिवाय माहीत आहे. मे महिन्यात रात्री अकरा वाजता पंखा गरम हवा का फेकतो, त्याचं उत्तर या ३ आणि ४ मध्ये आहे.

आता एक उदाहरण. माझ्याकडे एकदा एका ऑफिस इमारतीचं मॉडेल तपासायला आलं होतं. नाव-गाव सोडून देऊ. इमारतीची भिंत आठ इंची एएसी ब्लॉकची. ब्लॉक हलका, आत हवेची छिद्रं, म्हणून उष्णता कमी जाते. ब्लॉकच्या भिंतीचा यू त्यांनी ०.७७ काढला होता, तो बरोबर होता. आणि बेसलाइन म्हणून त्यांनी विटेची भिंत धरली होती, यू २. युक्तिवाद असा की "आपल्याकडे वीटच तर वापरतात, लोखंडी सांगाड्याची भिंत इथे आहे कुठे?" ऐकायला पटतं. अगदी स्वदेशी वाटतं. अहवालात भिंत अडीच पट चांगली आणि बचतीचा आकडा भरघोस.

पण प्रमाणपत्र परिशिष्ट जी नुसार मागितलं होतं. तिथे बेसलाइनची भिंत ०.७०५. म्हणजे ०.७७ ची भिंत बेसलाइनपेक्षा चांगली नव्हतीच. आणि गोष्ट इथे संपली नाही. ब्लॉक कुठे असतो? आरसीसीच्या कॉलम आणि बीमच्या मध्ये. त्या इमारतीत बाहेरच्या भिंतीचा साधारण पाचवा हिस्सा कॉलम-बीमचा होता, आणि मॉडेलमध्ये तो दाखवलेलाच नव्हता. तितक्याच जाडीच्या काँक्रीटचा यू ३ च्या वर. आता साधा हिशोब: ८० टक्के भिंत ०.७७ ची, २० टक्के ३.१५ ची. सरासरी १.२५. कागदावर अडीच पट चांगली असलेली भिंत खऱ्या हिशोबात बेसलाइनपेक्षा वाईट निघाली.

अमेरिकेच्या भिंतीत जे काम लोखंडी चॅनेल करतं, ते आपल्या भिंतीत आरसीसी करतं. ब्लॉकच्या जाहिरातीवर ब्लॉकचा आकडा असतो, भिंतीचा नसतो. १३ चे ६ तिकडे होतात, तसे ०.७७ चे १.२५ इकडे होतात.

अशा वेळी दबाव येतो. "आकडा खाली गेला तर पॉइंट जातील." "कोण एवढं उघडून बघतंय?" मी तुम्हाला त्यानंतर काय झालं ते सांगते. बेसलाइन नीट बसवल्यावर पहिल्यांदा त्या टीमला कळलं की उष्णता नेमकी कुठून येतेय. कॉलम-बीमच्या बाहेरून इन्सुलेशन देता येतं, छतावर जाडी वाढवता येते, पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे लावता येतात. हे तिन्ही पर्याय आधीपासून समोर होते. पण खोट्या बेसलाइनने सांगितलं होतं की भिंतीचं काम झालंय, तुम्ही पास आहात. जी बेसलाइन तुम्हाला फुकट मार्क देते, ती तुमचा अभ्यासही बंद करते. नुकसान फक्त प्रमाणपत्र देणाऱ्याचं होत नाही. पुढची तीस वर्षं त्या इमारतीचं वीजबिल भरणाऱ्यांचं होतं, आणि त्यांना तर बेसलाइन हा शब्दही कुणी सांगितलेला नसतो.

उलटी चूकही चूकच आहे, हे विसरू नका. मघाशी आपण पाहिलं, आर-१३ जसंच्या तसं टाकलं तर बेसलाइन जास्त चांगली होते आणि तुमच्या खऱ्या बचतीचं श्रेय जातं. काही जणांना वाटतं, आपल्या विरोधात गेलेली चूक म्हणजे सचोटी. नाही. काटा दोन्हीकडे बरोबर हवा.

जुन्या इमारतीचं काय?

तुमच्यातल्या बहुतेकांचा संबंध नव्या काचेच्या इमारतींशी कमी आणि जुन्या इमारतींशी जास्त येईल. शाळा, वसतिगृह, दवाखाना, आपलीच सोसायटी. तिथे नियम वेगळा आहे. परिशिष्ट जी सांगतं की आधीपासून असलेल्या आवरणाची दुरुस्ती करत असाल, तर बेसलाइन म्हणजे दुरुस्तीपूर्वीची इमारत, जशी होती तशी. इथे लोखंडी सांगाड्याची भिंत धरायची नाही. स्लॅब उघडा असेल तर उघडा, त्यावर ब्रिकबॅट कोबा असेल तर कोबा.

म्हणून जुन्या इमारतीत बेसलाइन तक्त्यात सापडत नाही, ती जाऊन बघावी लागते. स्लॅब किती इंची? कोबा आहे का, किती जाड? भिंत साडेचार इंची की नऊ इंची? गेल्या वर्षाची वीजबिलं कुठे आहेत? काम सुरू होण्याआधी हे लिहून ठेवलं नाही, तर नंतर बचत सिद्ध करता येत नाही. पांढरा रंग लावून झाल्यावर "आधी किती तापत होतं?" या प्रश्नाला मग फक्त आठवणी उत्तर देतात, आणि आठवणींवर कुणी निधी देत नाही.

शेवटी तुमच्यासाठी काम. एनर्जीप्लस आणि ओपनस्टुडिओ दोन्ही मोफत आहेत. एनर्जीप्लसचा कोडही खुला आहे. ज्याला सी प्लस प्लस येतं, त्याने उघडून वाचावा. भारतातल्या अनेक शहरांच्या हवामान फाइल मोफत मिळतात. साधा लॅपटॉप पुरतो. क्लासची फी लागत नाही.

एक खोली घ्या, वरच्या मजल्यावरची. तिच्यावर तीन छतं मांडून बघा. पहिलं, आहे तो उघडा स्लॅब. दुसरं, इको-निवास संहितेचं १.२. तिसरं, मोठ्या कार्यालयाचं ०.३३. इन्सुलेशनच्या चांगल्या शीटने १.२ गाठायला साधारण २० मिलिमीटर लागतात, आणि ०.३३ गाठायला जवळपास १००. म्हणजे पहिल्या बोटभर जाडीतच उष्णतेचा मोठा वाटा अडतो. हे मी सांगते म्हणून मानू नका, आर मिळवा आणि भागून बघा. मग तिन्ही छतांसाठी मे महिन्यातली खोलीची तापमानं शेजारी शेजारी ठेवा आणि तो कागद सोसायटीच्या सभेत घेऊन जा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर सोसायट्या लाखो रुपये खर्च करतातच. त्याच वेळी खाली दोन सेंटिमीटरची शीट टाकायची की नाही, हा प्रश्न तिथे कुणीतरी आकड्यांसह विचारला पाहिजे. वरच्या मजल्यावरच्या माणसाकडे तक्रार असते, आकडा नसतो. तो आकडा तुम्ही देऊ शकता.

आणि देताना, कशाशी तुलना केली ते आधी लिहा. छताचा प्रकार, जाडी, यू, रंग, हवामान फाइल. समोरच्याला तुमचा हिशोब पुन्हा करून बघता आला पाहिजे. त्याने तो केला आणि तोच आकडा आला, तर तुमच्याकडे पदवीहून मोठी गोष्ट आहे. उद्या तुम्ही जो आकडा द्याल, तो लोक तपासण्याआधीच मानतील.

प्रश्न असतील तर विचारा. लॅपटॉप आणलेत त्यांनी उघडा, पहिली भिंत आत्ताच मांडू.